औषध पाजले, तरी जंत का उरतात?

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव शेळ्या-मेंढ्यांना जंतांचे औषध पाजले जाते. अर्ध्या दिवसात काम उरकते, बाटली संपते आणि पशुपालक निर्धास्त होतो. मग श्रावणात एखाद्या करडाच्या जबड्याखाली पाणी उतरते, शेळी कळपाच्या मागे रेंगाळू लागते, खालची पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक दिसते. ‘औषधच बनावट निघाले’ असे म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली आणली जाते. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा दोष बाटलीत नसतो. तो मात्रेत असतो, पाजण्याच्या रीतीत असतो, औषधाच्या निवडीत किंवा वेळेत असतो. औषध पाजणे हे अर्धेच काम आहे. त्याने जंत मेले की नाही हे पाहणे हे उरलेले अर्धे, आणि ते आपल्याकडे फारच थोडे पशुपालक करतात. म्हणून हा लेख.

शेळ्या-मेंढ्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हिमॉन्कस कॉन्टॉर्टस हा गोलकृमी. तो जनावराच्या चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, जाडी दोऱ्याएवढी. एका जंतामुळे दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त जाते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दहा किलोच्या करडाच्या अंगात रक्त असते जेमतेम ७०० मिलिलिटर. पोटात हजार जंत असले तर त्यातले ५० मिलिलिटर रोज कमी होते, आणि भर पावसाळ्यात हजार जंत म्हणजे काही अतिशयोक्ती नाही. एक मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून रानात पडतात. उबदार ओलीत आठवडाभरात त्यांतून अळी तयार होते, दवाच्या ओलाव्यातून गवताच्या पात्यावर चढते आणि चरणाऱ्या शेळीच्या पोटात जाते. तिथून तीन आठवड्यांत ती स्वतः अंडी घालण्याइतकी मोठी होते. हे तीन आठवडे ध्यानात ठेवा, पुढे त्यांचा संबंध येईल.

कोणता जंत, कोणते औषध

लेंडीवर भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसले की पशुपालक घाबरून दवाखाना गाठतो. ते तुकडे पट्टकृमीचे. लहान करडांत पट्टकृमी फार झाले तर वाढ मागे पडते, पण मोठ्या जनावराला त्यांचा विशेष त्रास नसतो. जीव घेतो तो हिमॉन्कस, आणि तो लेंडीत दिसत नाही. बाहेर पडतात ती त्याची अंडी, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. डोळ्यांना जे दिसले त्यावर इलाज होतो आणि मारणारा जंत पोटात राहून जातो, असे वारंवार घडते.

प्रत्येक औषधाचे काम वेगळे आहे. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर आणि खरजेवर चालते; पट्टकृमी आणि पर्णकृमी यांना त्याने काहीही होत नाही. प्राझिक्वान्टेल पट्टकृमींसाठी. क्लोझान्टेल हिमॉन्कससारख्या रक्तपिपासू जंतांवर आणि यकृतातल्या पर्णकृमींवर, इतर बहुतेक गोलकृमींवर नाही. अल्बेंडाझोल पुष्कळांवर चालते म्हणून ते सगळ्यांच्या घरी असते, पण पर्णकृमीसाठी त्याची मात्रा जास्त लागते आणि तरीही मरतो तो फक्त पूर्ण वाढलेला पर्णकृमी. ऑक्सिक्लोझानाइडचेही तेच. यकृत पोखरत जाणाऱ्या कोवळ्या पर्णकृमींसाठी ट्रायक्लाबेंडाझोल लागते.

दिवाळीनंतर देशावरून कोकणात मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या मेंढपाळांनी हे विशेष लक्षात घ्यावे. भातखाचरांच्या कडेला, ओढ्याच्या पाणथळ जागी गोगलगायी असतात आणि पर्णकृमीची अळी त्यांच्या अंगात वाढून मग गवताला चिकटते. अशा रानात चरलेल्या मेंढीला नुसते आयव्हरमेक्टिन देऊन तिचा जबडा सुजायचा थांबणार नाही. मेंढ्या कुठे चरल्या हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध निवडण्यासाठी त्यांना ती माहिती कळपाच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट. दोन-तीन महिन्यांच्या करडांना हगवण लागली, शेपटीखाली घाण चिकटली, लेंडीत रक्त आले, की त्यांना जंतांचे औषध पाजले जाते. बंदिस्त गोठ्यात हा आजार बहुधा कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीचा असतो. तो जंत नव्हेच. त्याला अल्बेंडाझोलचा उपयोग शून्य. त्याची औषधे वेगळी असतात आणि उशीर झाला तर करडे दगावतात.

वजन मोजल्याशिवाय मात्रा नाही

उपचार फसण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे कमी पडलेली मात्रा. वजनाचा अंदाज नजरेने घेतला जातो आणि नजर बहुधा कमीच धरते. पस्तीस किलोची शेळी पंचवीसची वाटते. त्यात ‘सगळ्यांना सरासरी एवढे पाजा’ हा हिशेब आला, की कळपातल्या निम्म्या जनावरांना, आणि तीही मोठी जनावरे, औषध कमी मिळते. कमी मात्रेने कमकुवत जंत मरतात, चिवट उरतात. नुसते काम अर्धवट राहिले असते तर पुढच्या खेपेला भरून काढता आले असते. पण उरलेल्या चिवट जंतांचीच पिलावळ पुढे वाढते, आणि तिच्यावर पूर्ण मात्राही चालेनाशी होते.

टांगता काटा फार महाग नसतो, आणि गावातल्या चार-पाच पशुपालकांनी मिळून घेतला तरी सर्वांचे भागते. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि आलेल्या संख्येला ६६० ने भागा. उत्तर किलोत येते. छातीचा घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असलेली शेळी साधारण ३१ किलोची निघेल. गाभण शेळीत आणि भरल्या पोटी थोडा फरक पडतो, तरी नजरेच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी बरे. सगळ्यांचे वजन करणे जमणारच नसेल तर वयाप्रमाणे गट पाडा आणि प्रत्येक गटातल्या सर्वांत जड जनावराच्या वजनाने त्या गटाची मात्रा ठरवा, सरासरीने नाही. मात्र हा नियम लेव्हामिसोलला लावू नका. त्या औषधाची सुरक्षित मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते; जास्त झाले तर लाळ गळते, अंग थरथरते. ते प्रत्येक जनावराच्या वजनाप्रमाणेच द्यायचे.

आता शेळी आणि मेंढी यांच्यातला फरक. दोन्ही एकाच कळपात चरतात, दोघींना जंतही तेच होतात, म्हणून औषधही एकाच मापाने पाजले जाते. शेळीचे यकृत मात्र ही औषधे मेंढीपेक्षा लवकर निकालात काढते. औषध रक्तात आणि आतड्यात कमी वेळ टिकते. म्हणून मेंढीला पुरणारी मात्रा शेळीला पुरत नाही. अल्बेंडाझोलसारख्या औषधांची मेंढीची मात्रा किलोला ५ मिलिग्रॅम धरली, तर शेळीसाठी जाणकार १० मिलिग्रॅम सांगतात. सगळ्याच औषधांना दुप्पट हा नियम नाही, म्हणून प्रत्येक औषधाची शेळीची मात्रा डॉक्टरांकडून स्वतंत्र विचारून घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

त्यातच बाटलीची तीव्रता बदलते. अल्बेंडाझोलचे पातळ औषध २.५ टक्के तीव्रतेचेही मिळते आणि १० टक्क्यांचेही. २.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. ३० किलोच्या शेळीला ३०० मिलिग्रॅम द्यायचे तर या बाटलीतले १२ मिलिलिटर लागतील आणि १० टक्क्यांच्या बाटलीतले ३ मिलिलिटर. मागच्या वेळी ३ मिलिलिटर पाजले होते म्हणून यंदा पातळ बाटलीतलेही तेवढेच पाजले, तर शेळीला चौथा हिस्साच औषध मिळाले. उलट झाले तर चौपट. बाटली विकत घेताना लेबलवरची टक्केवारी वाचणे हे पहिले काम.

औषध जिभेच्या मागे पोचले पाहिजे

अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधे जंतांना हळूहळू मारतात. जंत औषधाच्या सान्निध्यात जितका वेळ राहील तितका परिणाम पक्का. औषध कोठीपोटात उतरले तर तिथून ते थोडे थोडे पुढे सरकत राहते आणि एक-दोन दिवस काम करते. तोंडात पुढेच ओतले तर गिळताना अन्ननलिकेची पन्हाळ मिटू शकते, आणि मग औषध कोठीपोट चुकवून थेट पुढे निघून जाते. म्हणून सिरिंजचे किंवा पाजण्याच्या पिचकारीचे तोंड जबड्याच्या कोपऱ्यातून आत घालून जिभेच्या मुळापाशी औषध सोडा. मान जमिनीला समांतर ठेवा. डोके वर ताणून धरले तर औषध श्वासनलिकेत जाते आणि जंतांऐवजी न्यूमोनियाने शेळी हातची जाते. पाजण्याआधी बाटली जोरात हलवा, कारण औषध तळाशी बसते आणि वरचे नुसते पाणी पहिल्या दहा शेळ्यांच्या वाट्याला येते. बाटलीच्या झाकणाने माप घेऊ नका.

कोठीपोट गच्च भरलेले असेल तर औषध लवकर पुढे ढकलले जाते. धडधाकट जनावरांना आदल्या संध्याकाळपासून वैरण बंद ठेवून, पाणी मात्र चालू ठेवून, सकाळी औषध पाजले आणि नंतर तीन-चार तासांनी वैरण दिली, तर याच औषधांचा परिणाम वाढतो. अशक्त, आजारी आणि विण्याला टेकलेल्या जनावरांना उपाशी ठेवू नये. गाभण काळाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. गर्भात व्यंग येऊ शकते. त्या काळात काय द्यायचे ते डॉक्टर सांगतील.

औषधाच्या दर्जाबद्दल थोडेच सांगतो. मुदत पाहा, पावती घ्या, बाटली मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखाली तापू देऊ नका, आणि मागच्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली यंदा वापरू नका.

कंपनी बदलली, औषध तेच

एका औषधाने गुण आला नाही की दुसरे आणायचे, हे बरोबर आहे. पण दुसरे म्हणजे दुसऱ्या कुळातले. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, मेबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल हे सगळे एकाच कुळातले भाऊबंद. एकाला न जुमानणारा जंत बाकीच्यांनाही जुमानत नाही. आयव्हरमेक्टिन आणि डोरामेक्टिन दुसऱ्या कुळातले. लेव्हामिसोल आणि टेट्रामिसोल तिसऱ्या. बाटलीवरचे मोठ्या अक्षरातले नाव कंपनीचे असते. खाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, तेच वहीत उतरवा. नाहीतर तीन वर्षांत पाच कंपन्यांची औषधे पाजून झालेली असतात आणि औषध मात्र एकच असते.

जंत औषधाला दाद देईनासे होतात ही काही आजची गोष्ट नाही. थायाबेंडाझोल हे या पहिल्या कुळातले पहिले औषध १९६१ मध्ये बाजारात आले आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मेंढ्यांत त्याला न जुमानणारा हिमॉन्कस सापडला. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये आले. ते शोधणाऱ्या विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण १९८० चे दशक संपण्याआधीच दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांत त्यालाही चकवणारे जंत दिसले होते. मोनेपॅन्टेल हे नवे औषध न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये विक्रीला आले आणि २०१३ मध्ये तिथेच त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नोंदली गेली. भारतातही अनेक राज्यांतल्या शेळ्या-मेंढ्यांत अल्बेंडाझोलच्या कुळाला न जुमानणारे जंत आढळले आहेत. नवे औषध येईल आणि आपल्याला सोडवेल, या भरवशावर राहण्याजोगी परिस्थिती नाही. आहेत ती औषधे टिकवायला हवीत.

प्रतिकारशक्ती आपल्या गोठ्यात शिरण्याच्या दोन वाटा सहज लक्षात येत नाहीत. एक बाजाराची. लोणंदच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारातून आणलेला बोकड स्वतःबरोबर आपले जंतही आणतो, आणि ते कोणत्या औषधाला दबत नाहीत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. नवे जनावर आले की दोन-तीन आठवडे वेगळे बांधा, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वेगळ्या कुळांची औषधे द्या, लेंडी तपासून मगच कळपात सोडा. दुसरी वाट खरजेची. अंगावर खरूज, उवा, गोचीड दिसले की आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन टोचले जाते. त्या प्रत्येक इंजेक्शनबरोबर पोटातल्या जंतांनाही ते औषध मिळते, आणि पुढे बरेच दिवस अंगात घटत्या प्रमाणात रेंगाळत राहते. खरजेसाठी वर्षातून चार वेळा टोचायचे आणि जंतांसाठी आयव्हरमेक्टिन चालत नाही म्हणून तक्रार करायची, असे होते. बाह्य परजीवींसाठी शक्य असेल तिथे अंगावर फवारायचे किंवा धुवायचे औषध वापरा, गोठ्याच्या भिंतींच्या फटी साफ करा.

सरसकट पाजणे आता पुरे

माझ्या मते दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजण्याचा सल्ला आता मागे घ्यायला हवा. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जनावरांच्या पोटातल्या जंतांखेरीज रानात असंख्य अळ्या असतात, ज्यांना औषध लागलेलेच नसते. औषधाला दबणारे जंत त्यांच्यातच टिकून असतात. औषधातून वाचलेले चिवट जंत या साध्या जंतांत मिसळले, की त्यांची संतती पातळ होत जाते आणि औषधाची धार टिकते. सगळ्याच जनावरांना एकदम औषध दिले आणि रानातही अळ्या नसल्या, तर पुढची सगळी पिढी फक्त वाचलेल्या चिवट जंतांची होते.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हाने माळरानावरच्या अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात. त्याच सुमाराला आपण पावसाळ्यापूर्वीचे औषध म्हणून कळप सरसकट पाजतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोरड्या उन्हाळ्यात अशीच सरसकट औषध देण्याची पद्धत होती आणि तिथे प्रतिकारशक्ती झपाट्याने वाढली. म्हणून मे महिन्यात आधी लेंडी तपासा. अंडी कमी असतील तर धट्ट्याकट्ट्या मोठ्या जनावरांना औषधाशिवाय राहू द्या. करडे, कोकरे आणि विण्याला आलेल्या शेळ्या-मेंढ्या यांना द्या. औषध पाजल्या दिवशीच कळप ताज्या, स्वच्छ रानात नेण्याची जुनी शिफारसही याच कारणाने आता सांगितली जात नाही.

कोणाला द्यायचे हे ओळखायला दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी १९९० च्या दशकात सोपी रीत बसवली. फाफा मालन यांच्या नावावरून तिला फामाचा म्हणतात. खालची पापणी उलटून आतल्या रंगाची तक्त्यावरच्या पाच रंगांशी तुलना करायची. लालभडक म्हणजे १, पांढरीफटक म्हणजे ५. चार आणि पाच आकड्याच्या जनावरांना औषध द्यायचेच. करडे, कोकरे आणि गाभण किंवा नुकत्या व्यालेल्या माद्या यांना तीनवरही द्यायचे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला दिवसाच्या उजेडात हे पाहावे. रक्त पिणाऱ्या जंतांपुरतीच ही पद्धत उपयोगी आहे, हगवण आणि पर्णकृमी यांचा पत्ता तिने नीट लागत नाही. पण हिमॉन्कसच्या मुलुखात तिच्याइतकी स्वस्त मदत दुसरी नाही. शिवाय प्रत्येक कळपात थोडीच जनावरे बहुतेक जंत बाळगून असतात. दर पंधरवड्याच्या नोंदीत तीच तीच नावे वर येऊ लागली की ती जनावरे पैदाशीतून काढून टाका. जंतांना तोंड देण्याची ताकद पिढीतून पिढीत उतरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीशी संकर केला, तेव्हा गॅरोलचे रक्त असलेल्या कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी निघाली.

औषधानंतरचे तीन आठवडे

मघाचे तीन आठवडे इथे उपयोगी पडतात. औषधाने आजचे जंत मेले आणि उद्यापासून कळप त्याच ओल्या रानात चरू लागला, तर तीन आठवड्यांत पोटात नवे जंत अंडी घालू लागतात. औषध चालले नाही असे वाटते. खरे तर औषध चालले आणि संसर्ग नव्याने झाला. अळ्या मुख्यतः गवताच्या बुंध्याकडच्या दोन इंचांत असतात. म्हणून गवत खुरटे होईपर्यंत एकाच तुकड्यावर चारू नका. पहाटेच्या दवात कळप सोडण्याऐवजी दव वाळल्यावर सोडा. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. तिला बोर, बाभूळ, सुबाभूळ, शेवरी मिळाली की ती जमिनीलगत कमी तोंड घालते आणि तिच्या पोटात अळ्याही कमी जातात. बंदिस्त गोठ्यातही कच्चे लेंडीखत हिरव्या चाऱ्याच्या वाफ्यात टाकू नका, आधी ते खड्ड्यात पूर्ण कुजू द्या.

औषध जंत मारते, पण गेलेले रक्त परत आणत नाही. ते जनावराला खुराकातून तयार करावे लागते आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून औषधानंतर आठ दिवसांनी पापणी अजून फिकट दिसली तर लगेच दुसऱ्यांदा औषध पाजू नका. शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड, तुरीचा भुसा, खनिज मिश्रण द्या. अंगात प्रथिने असतील तर जनावर स्वतःच जंतांना आवर घालते, हे करडांत आणि दुभत्या शेळ्यांत स्पष्ट दिसते. विण्याच्या आधी दोन आठवडे आणि व्याल्यानंतर दीड-दोन महिने मादीची ही ताकद घटते. तिच्या लेंड्यांतून याच काळात सर्वांत जास्त अंडी पडतात आणि ती तिच्याच करडांना बाधतात. पेंडीवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते या महिन्यांत करा.

बाभळीच्या शेंगा आणि टॅनिन असलेला इतर पाला यांनी जंतांची अंडी कमी होतात असे प्रयोगांत दिसले आहे. चारा म्हणून ते जरूर द्यावे. पण पापणी पांढरी पडलेल्या शेळीवर तो इलाज नव्हे, तिला त्याच दिवशी डॉक्टर हवा. मोरचूद पाजण्याचा जुना उपाय मेंढ्यांत तर करूच नये. तांब्याची विषबाधा मेंढीला चटकन होते.

औषध दिलेल्या शेळीचे दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही हे लेबलवर लिहिलेले असते. बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांनी शेवटचे औषध त्या हिशेबाने आधीच उरकावे.

आणि आता तपासणीविषयी, जी सगळ्यांत जास्त टाळली जाते. औषध द्यायच्या दिवशी दहा ते पंधरा जनावरांच्या ताज्या लेंड्या घ्या, शक्यतो थेट गुदद्वारातून, हातात प्लास्टिकची पिशवी घालून. प्रत्येकीची वेगळी पिशवी, आतली हवा काढून बांधलेली, वर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि तारीख. पिशव्या थंड डब्यात ठेवा, बर्फात गोठवू नका आणि त्याच दिवशी पोचवा. औषधानंतर १४ दिवसांनी, लेव्हामिसोल दिले असेल तर आठवड्याने, त्याच जनावरांच्या लेंड्या पुन्हा न्या. दर ग्रॅम लेंडीत किती अंडी आहेत हे प्रयोगशाळा मोजून देते. आधीची सरासरी १,२०० आणि नंतरची ४० असेल तर घट जवळजवळ ९७ टक्के; औषध चालते आहे. नंतरची ३०० आली तर घट ७५ टक्केच. ९५ टक्क्यांच्या खाली घट आली तर वजन, मात्रा, बाटली आणि पाजण्याची रीत आधी तपासा. ते सगळे ठीक असेल तर त्या कुळाचे औषध तुमच्या गोठ्यात निकामी होऊ लागले आहे, आणि पुढचे औषध वेगळ्या कुळातले हवे. मुळात अंडी फारच कमी असतील तर या हिशेबाला अर्थ नाही; अशा वेळी पावसाळा चांगला लागल्यावर चाचणी करा.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसेल तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. गावातल्या चार गोठ्यांचे नमुने एकत्र नेले तर खेप वाया जात नाही. या पावसाळ्यात औषध पाजाल त्या दिवशी औषधाचे मूळ नाव, टक्केवारी, मात्रा आणि तारीख वहीत लिहा, आणि चौदाव्या दिवशी लेंड्यांच्या पिशव्या घेऊन दवाखान्यात जा.